जखम भरायला किती दिवस लागतात?

एका रविवारी दुपारी आमच्यापैकी एकाच्या घरी, जेवणाच्या टेबलावरची ताटे उचलून झाल्यावर, एम.ए.च्या वर्गातल्या पाच विद्यार्थ्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव मांडला. आम्ही दोघे केवळ प्रेक्षक होतो. गुहेतल्या एका दांडग्या राक्षसाने (ही मुले त्याला 'ओग्र' म्हणतात) कथेतल्या योद्ध्याच्या बरगड्यांवर लागोपाठ तीन वेळा सोटा हाणला आणि योद्ध्याच्या कागदावरचा आकडा छत्तीसवरून तीनवर आला. राक्षस पडला. मंडळींनी गुहेच्या तोंडाशी मुक्काम केला, आठ तासांची झोप 'घेतली', आणि खेळ चालवणारी मुलगी म्हणाली, "सकाळ झाली. सगळ्यांनी आपापले हिट पॉइंट पूर्ण करून घ्या." खोडरबराने तीन पुसला गेला आणि त्या जागी छत्तीस आला. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "हे काही खरं वाटत नाही. काल बरगड्या मोडल्या होत्या ना?" त्यावर दुसऱ्याने लगेच विचारले, "आणि ड्रॅगन खरा वाटतो का तुला?" सगळे हसले. खेळ पुढे गेला.

प्रस्तुत लेख त्या उत्तराविरुद्ध आहे. जिथे जिथे हे खेळ खेळले जातात तिथे तिथे हा संवाद जवळजवळ याच शब्दांत होत असावा आणि 'ड्रॅगन चालतो, मग हेही चालू द्या' या उत्तराने तो संपत असावा. हे उत्तर वाङ्मयीन दृष्ट्या चुकीचे आहे, असे आमचे मत आहे. ड्रॅगन ही त्या कथाविश्वाची अट आहे. ती मान्य करूनच आपण टेबलाशी बसतो. बरगडीचे तसे नाही. ती आपण आपल्याबरोबर घेऊन येतो. अद्भुत कथेचा वाचक ड्रॅगनविषयी काहीही ऐकून घेतो, कारण त्याने ड्रॅगन पाहिलेला नसतो. पण दुखऱ्या बरगडीने कूस बदलताना काय होते, हे त्याला ठाऊक असते किंवा उद्या ठाऊक होणार असते. अविश्वसनीय वाटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा विश्वसनीय वाटणारी अशक्य गोष्ट कवीने पसंत करावी, असे ॲरिस्टॉटलने म्हटल्याचे आपण वर्गात दरवर्षी शिकवतो. ड्रॅगन ही अशी विश्वसनीय अशक्यता आहे. रात्रीतून सांधलेली बरगडी मात्र, कथेने तिच्यासाठी काही मोजले नसेल, तर विश्वसनीयही नाही आणि शक्यही नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पट नाही, सोंगट्या असल्या तर नावापुरत्या. एकजण कथेचे जग आणि त्यातली बाकीची माणसे सांभाळतो. इतर प्रत्येकजण एकेक पात्र होऊन 'मी अमुक करतो' असे सांगतो. आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकले जातात. म्हणजे ही अनेकांनी मिळून, तोंडी आणि नियमांच्या मदतीने रचलेली कथा असते. साहित्याच्या अभ्यासकाला रस वाटावा तो या नियमांत. कादंबरीकार जे निर्णय मनातल्या मनात घेतो (जखमी नायक किती प्रकरणांनी पुन्हा उभा राहणार, लंगडणार की नाही) ते इथे आधीच छापून ठेवलेले असतात. नियमांचे पुस्तक हे एका अर्थाने कथनशास्त्राचेच पुस्तक असते. फक्त ते स्वतःला तसे म्हणवून घेत नाही.

'हिट पॉइंट' ही कल्पना आली कुठून? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. तत्पूर्वी १९७१ मध्ये गायगॅक्स व जेफ पेरेन यांचे 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे नियम आले होते. त्यांत साधा शिपाई एका फटक्यात मरे. वीर तेवढा चार फटक्यांचा धनी असे. आर्नेसन आपल्या मित्रांबरोबर मिनेसोटात जो खेळ खेळत होता त्यात एकेका खेळाडूकडे एकेकच पात्र होते, आणि एका फटक्यात आपले पात्र मेलेले कुणालाच आवडेना. तेव्हा त्याने अमेरिकन यादवी युद्धातल्या पोलादी जहाजांच्या खेळासाठी केलेली स्वतःची जुनी नियमावली काढली. जहाजाला काही ठरावीक मारा सोसता येतो. तो संपला की ते बुडते. तोच हिशेब त्याने माणसांना लावला.

पुढची सारी गुंतागुंत या उसनवारीतून आलेली आहे. जहाजाला वेदना होत नाही. अर्धा मारा खाल्लेले जहाज घाबरत नाही, रात्री कण्हत नाही. नियमाच्या दृष्टीने ते शेवटच्या गुणापर्यंत पूर्ण जहाज असते आणि त्यानंतर ते नसते. छत्तीसपैकी तीन गुण उरलेला योद्धा छत्तीस गुणांच्या योद्ध्याइतक्याच जोराने तलवार चालवतो, याचे मूळ इथे आहे. दुरुस्तीचेही तसेच. जहाज गोदीत जाते आणि बाहेर येते; मधल्या काळाला कथा नसते.

गायगॅक्सला ही अडचण दिसत नव्हती असे नाही. १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये त्याने तिच्यावर बरेच लिहिले आहे. दहाव्या पातळीच्या, उत्तम प्रकृतीच्या योद्ध्याचे सरासरी ९५ हिट पॉइंट होतात. एवढे घाव कुठल्याही हाडामांसाच्या माणसाला सोसणार नाहीत, हे तो स्वतःच मान्य करतो. मग तो म्हणतो, की हा आकडा शरीराचा नव्हेच. त्यात शरीराचा वाटा थोडा आणि कौशल्य, दैव, देवाची कृपा, सहावे इंद्रिय यांचा वाटा मोठा. नवख्याच्या काळजात शिरणारी तलवार कसलेल्या वीराला नुसती चाटून जाते. युक्तिवाद चतुर आहे. आम्हांला तो आवडतोही, कारण एका आकड्याचा रूपक म्हणून बचाव करण्याचा प्रयत्न त्यात आहे. पण हे रूपक दोन पावले चालून अडखळते. आकडा जर दैवाचा आणि कौशल्याचा असेल, तर तो भरून काढणाऱ्या मंत्राचे नाव 'क्युअर लाइट वूंड्स', म्हणजे किरकोळ जखमा बऱ्या करणारा मंत्र, असे का? आणि हा मंत्र एक ते आठ गुण परत देतो. म्हणजे चार-पाच गुणांच्या शेतकऱ्याला तो मरणाच्या दारातून ठणठणीत परत आणतो, तर त्याच मंत्राने महावीराचा केवळ ओरखडा बुजतो. जितका वीर मोठा तितके औषध अधिक, हे कुठल्या वैद्यकात बसते?

आणि तरीही, त्याच पुस्तकात नैसर्गिकरीत्या बरे होण्याविषयी जे लिहिले आहे ते वाचताना आमचे मत काहीसे बदलले. पूर्ण विश्रांतीच्या प्रत्येक दिवसाला एक गुण. पहिल्या आठवड्यानंतर दणकट प्रकृतीच्या माणसाला थोडे जास्त. आणि आकडा कितीही मोठा असो, सलग चार आठवडे विश्रांती घेतली की माणूस पूर्ववत. शून्याखाली जाऊन वाचलेल्याला किमान एक आठवडा अंथरूण सक्तीचे. वैद्यकीय दृष्ट्या हे सगळे ठोकळेबाज आहे. पण त्यात आठवडे आहेत. मोहिमेतल्या दिवसांची काटेकोर नोंद ठेवलीच पाहिजे, असे गायगॅक्स तिथे मोठ्या पोटतिडकीने बजावतो. कारण जखमी योद्धा पडून असताना जग थांबत नाही, हे त्याला अभिप्रेत आहे.

पुढच्या आवृत्त्यांनी हे आठवडे खाऊन टाकले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत एका रात्रीच्या झोपेला पात्राच्या पातळीइतके गुण मिळू लागले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सहा तासांच्या विश्रांतीनंतर सगळे गुण परत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आठ तास. आमच्या टेबलावर घडले ते याच नियमाने. याच आवृत्तीत मरणासन्न होऊन पडलेल्या पात्राला सोबत्याने नुसता एक गुण परत दिला तरी ते पुढच्या क्षणी उठून पूर्ववत लढते. एकाच लढाईत तीन वेळा मरणाच्या दाराशी जाऊन आलेला वीर आम्ही प्रत्यक्ष पाहिला. जखम भरणाऱ्या औषधाची बाटली पन्नास सोन्याच्या नाण्यांना बाजारात मिळते. या बदलांमागे दुष्टावा नाही. जुन्या खेळात 'क्लेरिक', म्हणजे मंत्राने बरे करणारा पुरोहित, बरोबर नसेल तर मंडळी दोन लढायांनंतर गावाकडे परतत. मग कुणाला तरी नाइलाजाने पुरोहित व्हावे लागे आणि रात्रभर दुसऱ्यांच्या जखमा पुसत बसावे लागे. तो जाच नव्या रचनाकारांनी दूर केला. मात्र त्याबरोबर काय गेले, त्याकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे.

आता दुसरी बाजू. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या या आकड्याला कंटाळून ज्यांनी बंड केले त्यांचा या खेळांच्या इतिहासात 'वास्तववादी' म्हणून उल्लेख होतो, आणि वास्तववाद हा शब्द आला की मराठीच्या प्राध्यापकाचे कान टवकारतात. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'चे मुख्य रचनाकार स्टीव्ह पेरिन हे १९६६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एका मध्ययुगप्रेमी मंडळाच्या आरंभीच्या सदस्यांपैकी. ही मंडळी चिलखते घालून वेताच्या तलवारींनी खरोखर लढत. त्या अनुभवातून आलेल्या या खेळात घाव 'माणसाला' बसत नाही; तो डाव्या पायाला बसतो, डोक्याला बसतो, पोटाला बसतो, आणि प्रत्येक अवयवाचा आकडा वेगळा. पाय गेला की माणूस पडतो. १९८० मध्ये 'आर्म्स लॉ' आले. पुढे त्यातून 'रोलमास्टर' हा खेळ उभा राहिला. त्यात प्रत्येक शस्त्राचा स्वतंत्र तक्ता, वीस प्रकारची चिलखते, आणि गंभीर घावांचे वेगळे तक्ते: किती रक्त दर फेरीला वाहणार, कोणते हाड मोडणार, किती वेळ शुद्ध हरपणार. १९८६ साली एन. रॉबिन क्रॉसबी यांच्या 'हार्नमास्टर'ने गुणांची वजाबाकीच टाकून दिली आणि प्रत्येक जखम कागदावर वेगळ्या ओळीत लिहायला लावली. २००२ च्या 'द रिडल ऑफ स्टील'चे कर्ते जेक नॉरवूड हे जुन्या युरोपीय तलवारबाजीचे अभ्यासक. त्यांच्या खेळात एका घावाचे धक्का, वेदना आणि रक्तस्राव असे तीन वेगळे हिशेब असतात, आणि अनेक द्वंद्वे पहिल्या एक-दोन घावांतच संपतात.

ही परंपरा आम्ही कुतूहलाने वाचली आणि तिच्याविषयी आदरही वाटला. पण वाचता वाचता एक गोष्ट जाणवत गेली. हा वास्तववाद बहुतांशी घावाचा वास्तववाद आहे, जखमेचा नव्हे. तलवार कुठून शिरली, किती खोल गेली, काय कापले गेले, याची डोळ्यांत तेल घालून नोंद. आणि मग 'रूनक्वेस्ट'मध्ये जवळपास प्रत्येक साहसवीराला येणारा छोटासा उपचारमंत्र, किंवा 'रोलमास्टर'मधल्या औषधी वनस्पतींची लांबलचक यादी. तक्ते शस्त्राच्या बाजूने लिहिलेले आहेत. मारणाऱ्याच्या हाताला काय जाणवते ते त्यांना माहीत आहे. पडलेल्याच्या पाठीला अंथरूण कसे टोचते ते माहीत नाही. आमचे विद्यार्थी 'वास्तववादी कादंबरी' या प्रश्नाच्या उत्तरात तपशिलांची यादी देतात, आणि तपशील कुणाच्या नजरेतून आला हे विचारले की गप्प होतात. हा प्रकार त्याच जातीचा आहे. ('हार्नमास्टर' याला बराचसा अपवाद. तिथे जखम चिघळू शकते, आणि ती भरते आहे की नाही हे काही दिवसांच्या अंतराने फासे टाकून पुन्हा पुन्हा पाहावे लागते. फासे टाकण्यापूर्वी टेबलाभोवती शांतता पसरत असेल, अशी आमची कल्पना आहे.)

जखमेत दोन गोष्टी असतात असे आम्हांला वाटते: लागणारा काळ आणि लागणारी माणसे. घाव क्षणाचा असतो आणि तो दोघांमध्ये घडतो. जखम आठवड्यांची असते आणि तिच्यात तिसरा माणूस येतो: पाणी देणारा, पट्टी बदलणारा, ज्याच्या घरी आपण पडून आहोत तो. कथेला जे हवे असते ते पुष्कळदा या तिसऱ्या माणसापाशी असते.

मॅलरीचे उदाहरण घेऊ. आर्थर राजाच्या कथांचे त्याने केलेले इंग्रजी संकलन १४८५ मध्ये कॅक्स्टनने छापले. त्यात लान्सलॉट विंचेस्टरच्या स्पर्धेत वेष पालटून, ॲस्टोलाटच्या एलेनने दिलेली लाल बाही शिरस्त्राणावर बांधून उतरतो आणि स्वतःच्याच नातलगाच्या, बॉर्सच्या, भाल्याने कुशीत गंभीर जखमी होतो. त्याला एका तापसाच्या मठीत नेतात. एलेन त्याला शोधत तिथे येते आणि रात्रंदिवस त्याची शुश्रूषा करते. बरा होत आला असे वाटून तो अंगावर चिलखत चढवून घोड्यावर बसून पाहतो, जखम पुन्हा उलते, तो मूर्च्छित पडतो. पुन्हा अंथरूण, पुन्हा एलेन. अखेर तो बरा होतो, तिचे प्रेम स्वीकारू शकत नाही, निघून जातो, आणि ती मरते. तिचे प्रेत पत्रासह नावेतून वेस्टमिन्स्टरला येते. आता कल्पना करावी, की लान्सलॉटच्या कमरेला पन्नास नाण्यांची ती बाटली आहे. स्पर्धा तीच, भाला तोच. फक्त एलेन नाही.

म्हणूनच ग्रेग स्टॅफर्ड यांचा 'पेंड्रॅगन' (१९८५) हा आमच्या दृष्टीने या प्रश्नावरचा सर्वांत शहाणा खेळ आहे. तो मॅलरी वाचून केलेला आहे हे पानोपानी कळते. त्यात शरीर स्वतःहून भरून येते ते आठवड्याच्या हिशेबाने. मोठ्या जखमेनंतर शल्यचिकित्सा जाणणारे कुणीतरी लागते, आणि अशी जखम बळ, चापल्य, रूप यांतले काहीतरी कायमचे घेऊन जाऊ शकते. हा खेळ वर्षांत मोजला जातो: साधारणपणे वर्षाला एक साहस आणि त्यानंतर हिवाळा. हिवाळ्यात जमिनीचे उत्पन्न, लग्न, मूल झाले की नाही, घोडा जगला की नाही, याचे फासे पडतात. वय वाढले की म्हातारपणाचेही पडतात. आणि सरदार मेला की खेळाडू त्याच्या मुलाचे पात्र घेऊन पुढे खेळतो. उन्हाळ्यात जखमी झालेला सरदार शरदापर्यंत मठात पडून राहिला, तर ते वर्ष त्याचे गेले. घावाचे वर्णन 'पेंड्रॅगन'मध्ये 'रोलमास्टर'च्या पासंगालाही पुरणार नाही. जखम मात्र आहे.

हे सगळे आपल्याला अगदी नवे वाटू नये. सुश्रुताच्या सूत्रस्थानात 'व्रणितोपासनीय' नावाचा अध्याय आहे. चिकित्सास्थानात हाच ग्रंथ जखमेवरचे साठ उपक्रम सांगतो. पण या अध्यायात जखमी माणसाची खोली कशी असावी, वारा कुठून यावा, शय्या कशी, उशाकडची दिशा कोणती, आणि भोवती कोण असावे, हे सांगितले आहे. जिवलग मित्रांनी जवळ बसून गोष्टी सांगाव्यात, त्यांनी व्रणाची वेदना विसरायला होते, असा तिथे स्पष्ट निर्देश आहे. आम्ही हे त्या मुलांना चहाच्या वेळी सांगितले. तेव्हा 'हे खरं वाटत नाही' म्हणणारा मुलगा जरा वेळाने बोलला. बारावीच्या वर्षी मोटारसायकलवरून पडून त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. चार महिने तो खाटेवर होता. त्याच्या वर्गातले दोघे रोज संध्याकाळी येत, आणि हा खेळ त्याने त्यांच्याकडूनच त्या खाटेवर शिकला. "एका रात्रीत बरा झालो असतो, सर, तर कुणी यायचं कारणच नव्हतं," तो म्हणाला. त्याचा आक्षेप हाडांविषयी होता असे आम्ही धरून चाललो होतो.

अद्भुताला आमचा विरोध आहे असा समज कुणी करून घेऊ नये. जादूने जखम भरावी. पण जादूलाही कथेत किंमत असावी. वाल्मीकीच्या युद्धकांडात जांबवान हनुमंताला हिमालयातून चार वनस्पती आणायला सांगतो: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी, संधानकरणी. एक मेलेल्याला उठवणारी, एक रुतलेले बाण काढणारी, एक कातडीचा रंग परत आणणारी, एक तुटलेले सांधणारी. जखम म्हणजे एकच गोष्ट नव्हे, हे या नावांतच किती बारकाईने सांगितले आहे! आणि त्यांच्यासाठी डोंगर उचलून आणावा लागतो. डोंगर आणि बाटली यांत फरक आहे तो एवढाच.

काही जखमा भरतच नाहीत, ही आणखी वेगळी गोष्ट. या खेळांच्या कल्पनासृष्टीवर टॉल्किनचे ऋण मोठे आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) फ्रोडोला ६ ऑक्टोबरला डोंगरावर विषारी पात्याचा वार होतो. एल्रॉन्ड त्या पात्याचा तुकडा काढतो, फ्रोडो बरा होतो, मोहीम पुरी होते. आणि तरी पुढच्या वर्षीच्या, त्याच्याही पुढच्या वर्षीच्या ६ ऑक्टोबरला ती जखम पुन्हा दुखते. शेवटी त्याला आपले गाव सोडून समुद्रापार जावे लागते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या कागदावर फ्रोडोचे सगळे गुण भरलेले दिसले असते. आपल्याकडचा अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी अजूनही दारोदार तेल मागत फिरतो असे आपण लहानपणी ऐकले. त्याला या खेळातला पुरोहित भेटला तर 'रिमूव्ह कर्स' म्हणून मोकळा होईल. त्या मंत्राची अट फक्त पाचव्या पातळीची आहे.

अशा जखमेसाठी भाषाच लागते, आणि हे ओळखणारा एक नियम आम्हांला 'फेट कोअर' (२०१३) या खेळात सापडला. तिथे मोठा आघात झाला की आकडा न लिहिता एक शब्दसमूह लिहायचा: 'मोडलेला हात', 'भावाने केलेला विश्वासघात'. ही ओळ कथेत कुणालाही वापरता येते, शत्रूलाही. उपचार सुरू झाले की ओळ पुसायची नाही, तिचे शब्द बदलायचे. 'मोडलेला हात'चे 'झोळीतला हात' होते, आणि मग ठरावीक काळाने ती जाते. सौम्य ओळ एका प्रसंगापुरती, गंभीर ओळ एका संपूर्ण कथाभागापुरती. बरे होणे म्हणजे वाक्य दुरुस्त होत जाणे. भाषेच्या शिक्षकांना हे आवडणारच, त्यामुळे आमच्या या मताला थोडा पक्षपाताचा वास येत असेल तर येवो.

या सगळ्यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो खेळ चालवणाऱ्या मुलीने घेतला. "मॅडम, आम्ही आठवड्यातून एकदा चार तास भेटतो. त्यात एकाचं पात्र तीन आठवडे अंथरुणावर असेल तर त्याने काय टेबलावर बसून आमच्याकडे बघायचं?" हा आक्षेप वास्तववादाच्या नावाने झटकून टाकता येत नाही. खेळ ही सोबत आहे. ज्या नियमाने सोबतीतला एकजण बाजूला पडतो तो नियम, वैद्यकाच्या पुस्तकाबरहुकूम असला तरी, वाईट. कठोर नियमांनी खेळाडू भित्रे होतात, कुणी तलवार उपसायला तयार होत नाही, हेही तिने सांगितले. यातल्या दुसऱ्या भागाबद्दल आम्हांला फारसे वाईट वाटले नाही. पहिल्याला मात्र आमच्यापाशी पूर्ण उत्तर नव्हते. 'तीन आठवडे गेले' हे वाक्य कथेत फुकट मिळते, असे आम्ही म्हणालो; काळ उडी मारून ओलांडता येतो, फक्त त्या तीन आठवड्यांत बाकीच्या जगात काय झाले ते सांगावे लागते. ती म्हणाली, मग बाकीच्यांची पात्रेही तीन आठवडे रिकामी बसणार. खरे आहे.

२०१४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये एक ऐच्छिक नियम आहे: छोटी विश्रांती एका तासाऐवजी आठ तासांची, मोठी आठ तासांऐवजी सात दिवसांची. त्याचे नावच 'ग्रिटी रिअलिझम' असे आहे. वास्तववाद हा पुस्तकाच्या मागच्या भागात ठेवलेला, हवा तर घ्यावा असा पर्याय होऊन बसावा, याची आम्हांला गंमत वाटली. पण मुलांनी तो घेतला, आणि स्वतःची भर घातली. मोठी विश्रांती छपराखालीच हवी. ती पुरी होईपर्यंत आकडा हलणार नाही. आणि ज्याचे पात्र पडून असेल त्याने त्या दिवसांत, ज्या घरी ते पडून आहे त्या घरातल्या माणसाचे पात्र घ्यायचे. ही तिसरी कलमे कुठल्या पुस्तकात नाही. ते त्या मांडी मोडलेल्या मुलाने सुचवले.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी योद्धा पुलावर भाल्याने जखमी झाला. सोबत्यांनी त्याला एका गिरणीवाल्याच्या घरी ठेवले आणि ते चोरांच्या मागावर गेले. योद्ध्याचा खेळाडू गिरणीवाल्याची म्हातारी आई झाला. ती कानाने जरा कमी ऐकते आणि फुकट खाणाऱ्या सरदारांविषयी तिचे मत चांगले नाही, हे त्याने पहिल्या दहा मिनिटांत ठरवून टाकले. चोरांपैकी एकजण तिचाच नातू आहे, हे कसे निघाले ते आम्हांला नीट सांगता येणार नाही. आम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात पोहे करत होतो. बाहेर आलो तेव्हा कुणी फासे टाकत नव्हते. म्हातारी जखमी योद्ध्याला विचारत होती, की तो माझ्या नातवाला मारणार आहे का. आणि योद्ध्याचे उत्तर द्यायला त्याचा खेळाडू मोकळा नसल्याने ते टेबलावरच्या बाकीच्यांना ठरवावे लागत होते. योद्ध्याचा कागद मध्येच पडला होता. त्यावर चार हा आकडा तसाच होता, आणि शेजारी कुणीतरी पेन्सिलीने लिहिले होते: उजवी बाजू, हसताना दुखते.